शब्द छोटा, जागा मोलाची
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मेळाव्यात मी जे चार शब्द बोललो ते स्मरणिकेसाठी लिहून द्यावेत, अशी संपादक मंडळाची सूचना आली. सूचना मोडवेना. म्हणून जे बोललो तेच थोडे नीटनेटके करून आपल्यापुढे ठेवीत आहे. विषय इंग्रजी व्याकरणातला आहे, तोही अगदी बारीक. इंग्रजीच्या पूर्णकाळात, विशेषतः जोडवाक्याच्या आतल्या गौण वाक्यात, 'ऑलरेडी', 'नेव्हर', 'जस्ट', 'येट' यांसारखी क्रियाविशेषणे कोठे बसवावीत, एवढाच हा प्रश्न. इंग्रजी वाक्ये मी मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. घरातील ज्या वडीलधाऱ्यांना रोमन लिपी येत नाही, त्यांनाही ती मोठ्याने वाचता यावीत आणि मुलांकडून अर्थ विचारून घेता यावा, हा त्यामागचा हेतू आहे.

आपण म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी भाषण कशाला? त्याचे उत्तर माझ्या स्वतःच्या फजितीत आहे.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, तेव्हाची गोष्ट. वडिलांची आखातातील नोकरी त्या वर्षी मे महिन्यात सुटली आणि ते घरी परत आले. ज्या विद्यार्थ्याच्या पालकाचे उत्पन्न जूनअखेरपूर्वी थांबले असेल त्याला फीमध्ये सवलत मिळत असे. मी अर्ज केला. १० ऑगस्ट रोजी कार्यालयात जाऊन तोंडी कळवलेही. पुढे पुन्हा लेखी मागितले, तेव्हा मी मोठ्या ऐटीने इंग्रजीत लिहिले : "आय हॅव इन्फॉर्म्ड यू दॅट माय फादर हॅज लेफ्ट हिज जॉब ऑन टेन्थ ऑगस्ट." माझ्या मनात होते ते असे की, मी आपणांस १० ऑगस्टला कळवले आहे. कागदावर उमटले ते असे की, वडिलांनी १० ऑगस्टला नोकरी सोडली. वाचणाऱ्याने कागदावर होते तेच वाचले. तारीख जूनच्या पुढे गेली आणि अर्ज बाजूला पडला. तीन फेऱ्या मारून चूक दुरुस्त झाली खरी, पण तोवर पहिल्या सहामाहीची फी मामूंकडून उसनवार घेऊन भरावी लागली. त्या कार्यालयाला मी आजही दोष देत नाही. वाक्य माझे होते, आणि चूकही माझीच होती.

त्या चुकीत शब्द एकही खोटा नव्हता, स्पेलिंगही बरोबर होते. फक्त 'ऑन टेन्थ ऑगस्ट' हे तीन शब्द भलत्या जागी बसले होते. पण ते तेथे आले कसे? आपण बोलताना सहज म्हणतो, "मी कळवलं होतं की वडिलांची नोकरी सुटलीय, दहा ऑगस्टला." बोलताना मध्ये थांबतो, आवाज बदलतो, आणि ऐकणाऱ्याला समजते की तारीख कळवण्याची आहे. कागदाला आवाज नसतो. तेथे जागाच बोलते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मराठीत पूर्ण वर्तमानकाळाचे क्रियापद दोन शब्दांचे असते : "गेला आहे", "वाचले आहे". हे दोन शब्द एकमेकांना इतके चिकटून असतात की त्यांच्यामध्ये सहसा दुसरा शब्द शिरत नाही. फार तर एखादा 'च' शिरतो, "गेलाच आहे". आपली सारी क्रियाविशेषणे या जोडीच्या अलीकडे उभी राहतात : "तो आधीच गेला आहे." इंग्रजीतही जोडी आहे : 'हॅव', 'हॅज' किंवा 'हॅड' हे साहाय्यक क्रियापद आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप. पण इंग्रजीने या दोघांच्या मध्ये एक जागा मोकळी ठेवली आहे. 'ऑलरेडी', 'जस्ट', 'नेव्हर', 'एव्हर', 'ऑल्वेज', 'ऑफन' यांची नेहमीची बैठक तीच होय : "ही हॅज ऑलरेडी गॉन." "वुई हॅव जस्ट फिनिश्ड द लेसन." "शी हॅज नेव्हर मिस्ड अ क्लास."

आपली मुले मराठीच्या सवयीने "ही ऑलरेडी हॅज गॉन" असे लिहितात. अर्थ कळतो, बोलताना जोर देण्यासाठी इंग्रजही कधी असे म्हणतो. पण साध्या लेखनात ते बरे दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये शब्द घुसवणे : "आय हॅव रिसीव्ह्ड टुडे युवर लेटर." इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे छोटे कर्म यांना शक्यतो वेगळे करू नये. "आय हॅव रिसीव्ह्ड युवर लेटर टुडे" असे लिहावे.

येथे आपल्या भाषेतील दोन शब्द मुलांना हमखास गोंधळात टाकतात. पहिला शब्द 'कधीच'. एकदा वर्गात मी "गाडी कधीच गेली" हे वाक्य भाषांतरासाठी दिले. एका हुशार विद्यार्थ्याने लिहिले, "द ट्रेन हॅज नेव्हर गॉन." बिचारी गाडी जन्मभर स्थानकातच उभी राहिली! आपल्या 'कधीच'ला दोन अर्थ आहेत. सोबत 'नाही' असेल तर 'नेव्हर' : "तो तेथे कधीच गेला नाही." 'नाही' नसेल तर 'केव्हाच', फार पूर्वी : "गाडी कधीच गेली", म्हणजे "द ट्रेन लेफ्ट लाँग अगो." ज्या घरात उर्दू बोलतात तेथे यालाच 'कब की' म्हणतात, "गाडी कब की जा चुकी." ध्यानात ठेवा, 'अगो' आला की 'हॅज' निघून जातो.

दुसरा शब्द 'अजून', उर्दूत 'अभी तक'. "तो अजून आला नाही" याची इंग्रजी रूपे दोन, आणि त्यांच्या जागाही निरनिराळ्या. "ही हॅज नॉट कम येट", किंवा औपचारिक पत्रात "ही हॅज नॉट येट कम". 'येट' शेवटी तरी बसतो, नाहीतर 'नॉट'च्या पुढे मोकळ्या जागेत. पण 'स्टिल' घेतला तर तो या नकारार्थी वाक्यात 'हॅज'च्या आधी उभा राहतो : "ही स्टिल हॅज नॉट कम." पहिल्या वाक्यात नुसती बातमी आहे, दुसऱ्यात वाट पाहून आलेला कंटाळा आहे. कोणाला पत्र लिहितो आहोत ते पाहून यांतील निवड करावी. साहेबाला लिहिताना 'स्टिल' जपून वापरावा.

आता गौण वाक्याचा विचार करू. मराठी व्याकरणात आपण मिश्र वाक्य शिकलो : एक प्रधान वाक्य आणि त्यावर अवलंबून असलेले एक किंवा अधिक गौण वाक्य. गौण वाक्याचे तीन प्रकारही आपणांस ठाऊक आहेत : नामवाक्य, विशेषणवाक्य आणि क्रियाविशेषणवाक्य. मी वर्गात असे सांगतो की, मिश्र वाक्य म्हणजे एका अंगणातली दोन घरे. प्रत्येक घराला स्वतःचा कर्ता आहे, स्वतःचे क्रियापद आहे. क्रियाविशेषणाने ज्या क्रियापदाचे काम करायचे त्याच घरात राहावे. शेजारच्या घरात जाऊन बसले की ते शेजाऱ्याचे काम करू लागते.

आणि घर गौण असले म्हणून आतली बैठक बदलत नाही. नामवाक्य पाहा : "आय नो दॅट ही हॅज ऑलरेडी पेड द फी." विशेषणवाक्य पाहा : "द बॉय हू हॅज जस्ट कम इन इज माय ब्रदर." क्रियाविशेषणवाक्य पाहा : "बिकॉज शी हॅड नेव्हर सीन द सी, शी स्टुड देअर फॉर अ लाँग टाइम." तिन्ही ठिकाणी शब्द 'हॅज' किंवा 'हॅड' आणि तिसरे रूप यांच्या मध्येच बसला आहे.

घर चुकले तर काय होते, ते या दोन वाक्यांवरून समजेल. पहिले : "ही नेव्हर सेड दॅट ही हॅड टेकन द मनी." दुसरे : "ही सेड दॅट ही हॅड नेव्हर टेकन द मनी." शब्द तेच, संख्याही तीच. पहिल्याचा अर्थ : पैसे घेतले असे तो कधी म्हणालाच नाही. घेतले असतील, नसतीलही. दुसऱ्याचा अर्थ : मी पैसे कधीही घेतले नाहीत, असे त्याने स्पष्ट सांगितले. साक्ष देणाऱ्या माणसाच्या तोंडचे हे वाक्य कागदावर घेताना 'नेव्हर' एका घरातून दुसऱ्या घरात गेला, तर ज्याने आरोप साफ नाकारला तो नुसता गप्प बसला असे ठरेल. विद्यार्थी मित्रांनो, यापुढे कोणी तुम्हाला म्हणाले की व्याकरण म्हणजे फक्त गुण मिळवण्याची बाब, तर त्याला ही दोन वाक्ये वाचून दाखवा.

काळ आणि तारीख यांचेही एक वैर आहे. मराठीत "मी २००५ साली एस.एस.सी. पास झालो आहे" हे वाक्य कोणाला खटकत नाही. म्हणून आपल्या अर्जांतून "आय हॅव पास्ड एस.एस.सी. इन २००५" असे वाक्य पुन्हा पुन्हा दिसते. इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ संपून गेलेल्या निश्चित वेळेला आपल्या घरात घेत नाही. वर्ष सांगायचे तर साधा भूतकाळ : "आय पास्ड एस.एस.सी. इन २००५." वर्ष सांगायचे नसेल, नुसती आजची पात्रता सांगायची असेल, तर "आय हॅव पास्ड एस.एस.सी." 'यस्टरडे', 'लास्ट इयर', 'अगो' यांनाही हाच नियम. मात्र 'हॅड' असलेल्या पूर्ण भूतकाळाला तारीख चालते, कारण तो मुळातच मागच्या काळात उभा राहून त्याहून मागे पाहतो.

हे लक्षात घेऊन माझे ते जुने वाक्य आता दुरुस्त करू : "आय इन्फॉर्म्ड यू ऑन टेन्थ ऑगस्ट दॅट माय फादर हॅड लेफ्ट हिज जॉब इन मे." दहा ऑगस्ट कळवण्याच्या घरात राहिला, मे महिना नोकरीच्या घरात गेला. 'दॅट' हा दोन घरांमधला उंबरठा. तारीख उंबरठ्याच्या अलीकडची की पलीकडची, हे लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे. एवढे त्या वेळी मला ठाऊक असते, तर मामूंची उसनवारी टळली असती.

गौण वाक्यातील पूर्णकाळाच्या आणखी तीन चुका आपल्याकडे फार होतात. त्या थोडक्यात सांगतो.

पहिली चूक 'व्हेन', 'आफ्टर', 'अन्टिल' यांच्या पुढची. "पेपर लिहून झाल्यावर नीट तपासा" हे सांगताना मुले "व्हेन यू विल हॅव फिनिश्ड" असे लिहितात. पुढची गोष्ट असली तरी वेळ दाखवणाऱ्या अशा गौण वाक्यात 'विल' येत नाही : "व्हेन यू हॅव फिनिश्ड द पेपर, चेक इट केअरफुली." तसेच, "डू नॉट साइन अन्टिल यू हॅव केअरफुली रेड द होल फॉर्म." संपूर्ण फॉर्म काळजीपूर्वक वाचल्याशिवाय सही करू नका. 'केअरफुली' हा शब्द वाचण्याच्या घरात आहे, म्हणून काळजी वाचण्यात घ्यायची आहे. तोच 'साइन'च्या शेजारी नेला, तर सही काळजीपूर्वक करू नका असा विचित्र उपदेश होईल!

दुसरी चूक 'सिन्स'ची. "आम्ही येथे आलो तेव्हापासून मी या शाळेत आहे." इंग्रजीत प्रधान वाक्याला पूर्णकाळ आणि 'सिन्स'च्या या गौण वाक्याला साधा भूतकाळ : "आय हॅव बीन इन धिस स्कूल सिन्स वुई केम हिअर." मुले दोन्हीकडे 'हॅव' घालतात, किंवा "आय ॲम इन धिस स्कूल सिन्स" म्हणतात, कारण मराठीत आपण "आहे" म्हणतो.

तिसरी चूक आडप्रश्नाची. "आय डू नॉट नो व्हेअर हॅज ही गॉन" असे सर्रास ऐकू येते. प्रश्न गौण वाक्यात गेला की त्याने प्रश्नाचा पोशाख उतरवून ठेवावा. कर्ता आधी, 'हॅज' नंतर : "आय डू नॉट नो व्हेअर ही हॅज गॉन." क्रियाविशेषण असेल तर ते आपल्या बैठकीवर : "आस्क हिम व्हेदर ही हॅज एव्हर बीन टु मुंबई."

याच्या अगदी उलट प्रकार आपल्या दहावीच्या मुलांना पाठ असतो. "नो सूनर हॅड द बेल रंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट." घंटा होते न होते तोच मुले बाहेर पळाली. येथे 'नो सूनर' स्वतः वाक्याच्या अग्रभागी जाऊन बसले, म्हणून 'हॅड'ला कर्त्याच्या पुढे यावे लागले. परंतु 'दॅन'च्या पुढच्या वाक्यात सारे सरळच राहिले. 'हार्डली'चेही असेच, फक्त त्याची जोडी 'व्हेन'शी. मुले सूत्र पाठ करतात, पण हेही जागेचेच शास्त्र आहे हे ध्यानात घेत नाहीत.

साहाय्यक क्रियापदे दोन असतील तर? "युवर ॲप्लिकेशन हॅज ऑलरेडी बीन सेंट." वेळ दाखवणारा शब्द पहिल्या साहाय्यकाच्या लगेच पुढे. पण काम कसे झाले हे सांगणारा शब्द तिसऱ्या रूपाला बिलगून : "द आन्सर-पेपर्स हॅव बीन केअरफुली चेक्ड."

काही वडीलधारे मला विचारतात, "सर, क्रियापदाचे दोन तुकडे करून मध्ये शब्द घालणे अशुद्ध नाही का?" तशी समजूत इंग्लंडातही काही लोकांची होती. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी वापराच्या कोशात ही भीती निराधार ठरवली. साहाय्यक आणि मुख्य क्रियापद यांमधली जागा हीच अशा क्रियाविशेषणाची स्वाभाविक जागा आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेले रेन आणि मार्टिन यांचे व्याकरणही हेच शिकवते. हेही खरे की, अमेरिकेत जेथे "डिड यू ईट ऑलरेडी?" म्हणतात तेथे ब्रिटिश वळणाने "हॅव यू ऑलरेडी ईटन?" म्हणतात. आखातात काम करणाऱ्या आपल्या बांधवांच्या कानांवर दोन्ही पडतात. दोन्ही समजून घ्यावीत, पण परीक्षेत आणि अर्जात शाळेत शिकवलेले वळण धरावे.

पालकहो, आपल्यापैकी अनेकांना वाटेल की आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही यात काय करणार? माझ्या पिढीची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडली. महाराष्ट्रात २००० सालापासून ती पहिलीपासून शिकवली जाते. मुले लवकर सुरुवात करतात, पण वाक्य समजून घेण्याची सवय घरूनच लागते. त्यासाठी इंग्रजी येण्याची गरज नाही. मुलाने लिहिलेले वाक्य त्याला मोठ्याने वाचायला सांगा. मग घरात जी बोली असेल तिच्यात त्याचा अर्थ विचारा. आणि एकच प्रश्न करा : "बेटा, हा 'आधीच' कोणाचा? हा 'काल' कोणाचा?" काल कळवले की काल घडले? उत्तर देताना मूल अडखळले, तर समजा की वाक्यात शब्द चुकीच्या जागी बसला आहे. हा प्रश्न अशिक्षित आईसुद्धा विचारू शकते. माझ्या आईने माझे ते पत्र पाठवण्यापूर्वी एवढेच विचारले असते, तर मला लगेच कळले असते. पण मी तिला वाचूनच दाखवले नाही. इंग्रजी आहे, तिला काय समजणार, असे मला वाटले. व्याकरणाच्या चुकीपेक्षा ती चूक मोठी होती.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला माझे सांगणे एवढेच. रोज पाच वाक्ये घ्या. प्रत्येकात 'दॅट', 'हू', 'व्हेन' किंवा 'बिकॉज' यांपैकी एक असू द्या. 'हॅव', 'हॅज', 'हॅड' यांखाली रेघ ओढा. मग 'नेव्हर' किंवा 'ऑलरेडी' एकदा पहिल्या घरात आणि एकदा दुसऱ्या घरात ठेवून पाहा, आणि अर्थ कसा बदलतो ते आपल्या भाषेत लिहा. महिनाभर हे केलेत, तर नियम पाठ करण्याची पाळी येणार नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी नोकरीचा अर्ज लिहील, कोणी शेजारच्या चाचांचे पेन्शनचे पत्र लिहून देईल, कोणी दवाखान्यात रुग्णाची हकीकत नोंदवील. त्या कागदावर दुसऱ्याचे नशीब अवलंबून असेल. तेथे शब्द त्याच्या जागी बसवणे म्हणजे त्या माणसाची बाजू खरेपणाने मांडणे होय.